वाचकांचे प्रश्न: पोटाचे रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत

प्रश्न: वय ३६. दीड वर्षापासून पोटात मुरडा येतो, दिवसातून तीन-चार वेळा संडासला जावं लागतं. शौचाच्या साध्या तपासणीत अमीबाच्या सिस्ट निघाल्या म्हणून दोनदा मेट्रोनिडाझोल झालं. कॅलप्रोटेक्टिन मार्चमध्ये ३१०, जूनमध्ये दुसऱ्या लॅबमध्ये ७०. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) नॉर्मल. एप्रिलमधल्या कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या टोकाला तीन-चार बारीक व्रण, बायोप्सीत ‘नॉनस्पेसिफिक आयलायटिस’ (लहान आतड्याच्या टोकाचा दाह). टीबीची इग्रा रक्ततपासणी पॉझिटिव्ह. एक डॉक्टर एकेटी (टीबीची औषधं) सुरू करा म्हणतात, दुसरे क्रोन्स (आतड्याच्या दीर्घ दाहाचा आजार) म्हणतात, तिसरे आयबीएस (दाह वा व्रण नसताना पोट बिघडत राहणं). वजन कमी झालेलं नाही. कंबरदुखीसाठी मेपर्यंत डायक्लोफेनॅक (वेदनाशामक गोळी) घेत होतो. कोणाचं खरं धरू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहे: डायक्लोफेनॅक. फाईल तारखेनुसार लावा आणि प्रत्येक रिपोर्टसमोर त्या आठवड्यात कोणती गोळी चालू होती ते लिहा. निम्मा गोंधळ तिथेच सुटेल.

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन. शौचात ते वाढलं म्हणजे आतड्यात दाह आहे एवढंच कळतं, कशामुळे ते नाही. साधारणपणे ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली निर्धास्त, २५० च्या वर शोध घ्यायलाच हवा, मधला पट्टा संदिग्ध. डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी हा आकडा वाढतो, पोटाच्या संसर्गाने वाढतो, पँटोप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनीही वाढू शकतो. शिवाय वेगवेगळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच नमुन्याचे आकडे वेगळे येतात. त्यामुळे ३१० वरून ७० ही घट थोडी औषध थांबल्याची, थोडी लॅब बदलल्याची असू शकते. सीआरपी नॉर्मल असणं याच्या विरोधात जात नाही. दाह आतड्याच्या छोट्या भागापुरता असेल तर रक्तात तो दिसेलच असं नाही.

व्रणांचंही तेच. वेदनाशामक गोळ्या अगदी असेच बारीक व्रण करतात. तपासणीआधी पोट साफ करायला सोडियम फॉस्फेटचं औषध दिलं असेल तर त्यानेही होतात. ‘नॉनस्पेसिफिक’ म्हणजे दाह दिसला, पण कारण सांगणारी खूण दिसली नाही. त्यावरून क्रोन्स सिद्धही होत नाही आणि नाकारताही येत नाही.

इग्रा पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. भारतात असंख्य धडधाकट माणसांची ही तपासणी पॉझिटिव्ह येते. समोरचा व्रण टीबीचा आहे का, हे तिला सांगता येत नाही. केवळ तिच्या जोरावर सहा महिन्यांची एकेटी सुरू करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सिस्टबद्दल: रोग करणारा अमीबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. तिसऱ्यांदा मेट्रोनिडाझोल घेण्याआधी शौचाची अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी मागा.

आता करायचं काय? वेदनाशामक बंदच ठेवा. कंबरेसाठी पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारा. बंद करून चार ते सहा आठवडे झाल्यावर सकाळच्या पहिल्या शौचाचा नमुना, पाणी वा लघवी न मिसळता, त्याच दिवशी लॅबमध्ये द्या. लॅब जूनचीच ठेवा. आकडा ५० च्या खाली आला तर आयबीएस म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम होते.

२५० च्या वर गेला किंवा हळूहळू चढत राहिला, तर लहान आतड्याचं सीटी किंवा एमआर एंटेरोग्राफी आणि पुन्हा कोलोनोस्कोपी. इथे एक चूक सर्रास होते: बायोप्सीचे सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले जातात, आणि मग टीबीचं कल्चर (जंतू वाढवून पाहणं) करताच येत नाही. म्हणून काही तुकडे सलाईनमध्ये, कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) वेगळे पाठवायला आधीच सांगा. जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आलं तर भरवशाचं. निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं नाही, कारण आतड्याच्या तुकड्यात जंतू फार थोडे असतात.

तरीही टीबी की क्रोन्स हे ठरेना आणि डॉक्टरांनी एकेटी सुरू केली, तर दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून बघायला हवं. ‘बरं वाटतंय’ हा पुरावा धरू नका, क्रोन्सच्या काही रुग्णांनाही एकेटीवर बरं वाटतं. टीबीचे व्रण तोपर्यंत भरत आलेले दिसतात. टीबीची शंका मिटेपर्यंत स्टिरॉइड नको.

वजन घटणं, संध्याकाळचा ताप, शौचातून रक्त, शौचासाठी झोपेतून उठावं लागणं, हिमोग्लोबिन उतरणं, यातलं काही झालं तर सहा आठवडे थांबू नका. कळा येऊन पोट फुगलं आणि उलट्या सुरू झाल्या तर आतडं अडल्याची शक्यता असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: मुलीची सीलिअ‍ॅकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा करणारा आजार) टीटीजी रक्ततपासणी निगेटिव्ह, पण पोळी सोडल्यापासून जुलाब थांबले. मग रिपोर्ट चुकला का?
– एक वाचक, लातूर

उत्तर: पोळी आधी सोडली की तपासणी आधी केली? गहू सोडल्यावर टीटीजी हळूहळू खाली येतं, त्यामुळे नंतरच्या निगेटिव्हला अर्थ उरत नाही. तसं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणात गव्हाचे पदार्थ देऊन तपासणी पुन्हा करा. सोबत एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिपिंड, टीटीजी तपासणी सहसा त्यावरच चालते) मोजा. ते मुळातच कमी असेल तर टीटीजी खोटं निगेटिव्ह येतं. गहू चालू असतानाच तपासणी झाली होती आणि आयजीएही ठीक असेल, तर सीलिअ‍ॅकची शक्यता बरीच कमी. गव्हातलं फ्रुक्टान (नीट न पचता पोट बिघडवू शकणारं एक कर्बोदक) कांदा-लसणातही असतं. तेव्हा भाजीतल्या कांद्या-लसणानेही तिचं पोट बिघडतं का, तेवढं पाहून ठेवा.