रॉजर शर्मन: कॉलेजात न गेलेला वकील आणि घटनेतल्या त्याच्या खुणा

प्रश्न दोन आहेत. अमेरिकेच्या घटनाकारांपैकी एक, कॉलेजात न गेलेला रॉजर शर्मन वकील कसा झाला, आणि त्या घटनेत त्याचं म्हणून नेमकं काय आहे?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तेव्हाच्या कनेक्टिकट या ब्रिटिश वसाहतीत वकिलीला पदवी लागत नसे, काउंटी (जिल्हा) कोर्टाने प्रवेश दिला की काम भागायचं. शर्मन (जन्म 1721) मूळचा चांभार. वडील गेल्यावर 1743 मध्ये तो न्यू मिलफर्डला आला आणि 1745 मध्ये काउंटीचा भूमापक झाला. गणित त्याचं त्यानेच शिकलेलं, इतकं पक्कं की 1750 पासून स्वतःचं पंचांग छापायचा. हद्दी मोजायच्या, नकाशे काढायचे म्हटल्यावर जमिनीचे कायदे आपोआप ओळखीचे होतात. 1754 मध्ये लिचफील्ड काउंटीत त्याला वकिलीची परवानगी मिळाली. लिचफील्डच्या नावाजलेल्या कायदा शाळेशी याचा संबंध जोडू नका, ती बरीच नंतरची. दुसऱ्याच वर्षी तो वसाहतीच्या विधिमंडळात होता आणि 1766 पासून वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश. पुढे रिचर्ड लॉ यांच्यासोबत त्याने राज्याचे सगळे कायदे नव्याने संकलित केले. 1 मार्च 1784 नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल पंचविसाव्या वर्षी मुक्त, हे कलम त्याच कामात आलं.

आता घटना. 1787 मध्ये घटना लिहिण्यासाठी भरलेल्या फिलाडेल्फिया अधिवेशनात मोठ्या राज्यांना नव्या संसदेच्या दोन्ही सभागृहांत लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, लहान राज्यांना समान मतं. 11 जूनला शर्मनने तोड सुचवली: खालच्या सभागृहात लोकसंख्या, वरच्यात प्रत्येक राज्याला एक मत. अधिवेशनात प्रत्येक राज्याचं एकच मत धरलं जाई, आणि त्या दिवशी वरच्या सभागृहाचा भाग 5 विरुद्ध 6 असा पडला. 16 जुलैला तीच तोड, समितीतून बदल होऊन, 5 विरुद्ध 4 ने तरली. एवढ्या दिवसांत कोणाचं मन वळलं? पाहण्यासारखं आहे ते हजेरीपत्रक. न्यू यॉर्कचे दोघे 10 जुलैलाच घरी गेले होते, मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी आपसांत निम्मेनिम्मे फुटल्याने त्यांचं मत धरलंच गेलं नाही, आणि नॉर्थ कॅरोलायना बाजू बदलून इकडे आलं. ‘महान तडजोड’ म्हणून शाळेत शिकवतात तिची ही खरी रचना. सप्टेंबरमध्ये शर्मनने आणखी एक पाचर मारायचा प्रयत्न केला, की सिनेटमधलं (वरच्या सभागृहातलं) समान मत राज्याच्या संमतीशिवाय काढताच येऊ नये. आधी नाकारलं गेलं, पण लहान राज्यांची कुजबुज वाढल्यावर गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नव्हे) तेच मांडलं आणि ते पाचव्या अनुच्छेदात बसलं.

माझ्या मते त्याची सगळ्यात दुर्लक्षित कामगिरी 1789 ची. पहिल्या काँग्रेसमध्ये (नव्या घटनेखालच्या पहिल्या संसदेत) व्हर्जिनियाचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसनला नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या मूळ मजकुरात जागोजागी गुंफायच्या होत्या. शर्मनचं म्हणणं: मूळ दस्त लोकांनी मंजूर केलेला आहे, त्याला हात लावू नका, पुरवणी शेवटी जोडा. 13 ऑगस्टला तो हरला, 19 ऑगस्टला सभागृहाने त्याचंच ऐकलं. गंमत अशी की हक्कांची सनद हवीच, असं त्याला मुळात वाटतही नव्हतं.

आपल्याकडे उलट पद्धत आहे. 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने 15(4) (मागास वर्गांसाठी विशेष तरतुदींची मुभा) थेट अनुच्छेदातच घातलं, त्यामुळे आजची प्रत उघडली की आजचा कायदा दिसतो. अमेरिकेची प्रत वाचताना ही सवय फसवते. पहिल्या अनुच्छेदात आजही लिहिलेलं आहे की सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडतील. ते वाचून तिथेच थांबलात तर चुकाल, कारण 1913 च्या सतराव्या दुरुस्तीने ती निवड थेट मतदारांकडे गेली आणि ती दुरुस्ती खाली पुरवणीत आहे.