११ महिन्यांचा भाडेकरार मुंबईत नोंदवावा लागतो का? घरमालक म्हणतो, नोटरी पुरे

लागतो, मुदत कितीही असो, नुसती नोटरी पुरत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, ११ महिन्यांसाठी सहसा होतो तो भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदलेला नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकाला हे ऐकवा, बहुधा तोच घाई करेल! खर्च असा:

- मुद्रांक शुल्क: पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या अनामतीवर वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के
- नोंदणी फी: १,००० रुपये

मात्र ०.२५ टक्क्यांचा दर ६० महिन्यांपर्यंतच्या करारांनाच आहे.