टर्फ विकत घेऊ नका, त्याचे रिकामे तास घ्या

नागपूरजवळच्या कामठीच्या एका फुटबॉलपटूचं पत्र आलं आहे. वय 32, स्ट्रायकर. बारा वर्षांत नऊ क्लब. गोवा, कोलकाता, शिलाँग, केरळ, मध्ये एक हंगाम पंजाब. बँकेत 41 लाख आहेत. पत्नी शाळेत शिकवते, मुलगी चार वर्षांची. लिहितात, "भाऊ, बॅग भरून भरून थकलो. आता घरी राहून काही तरी करतो म्हणतो." मित्रासोबत नागपूरच्या बेसा रोडवर टर्फ, म्हणजे तासाने भाड्याने द्यायचं प्लास्टिक गवताचं मैदान, काढायचा विचार आहे. एकूण खर्च 44 लाख, यांचा वाटा 22 लाख, जमीन पाच वर्षांच्या भाड्याने. दुसरीकडे ईशान्येतल्या एका क्लबने नऊ महिन्यांचे 11 लाख देऊ केले आहेत, राहणं-जेवणं क्लबकडे. करार की टर्फ, एवढाच प्रश्न आहे.

भाऊ, माझं मत आधीच सांगतो. करार घ्या, टर्फमध्ये 22 लाख घालू नका. घरी यायची ओढ मला कळते आणि ती चुकीची नाही. पण तिच्यासाठी निवडलेला रस्ता महाग आहे.

टर्फचं गणित तुम्ही पाठवलं, त्यात रोज आठ तास बुकिंग धरलं आहे. ताशी 900 रुपये, म्हणजे महिन्याला 2 लाख 16 हजार. भाडं, दोन माणसं, वीज, डागडुजी मिळून खर्च 90 हजार. कागदावर हे फार छान दिसतं. म्हणून गेल्या मंगळवारी मी माझ्या एका ग्राहकाच्या टर्फवर जाऊन बसलो, मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला. टेबलावर लांब वही असते, प्रत्येक तासाला एक ओळ. संध्याकाळी 6 ची ओळ रिकामी. 7 ला कॉलेजची पोरं. 8 ते 10 एका कंपनीतल्या मंडळींचं बॉक्स क्रिकेट. 10 ची ओळ पेन्सिलीने लिहून खोडलेली, बाजूला बारीक अक्षरात 'पाऊस'. त्यांनी मागची पानंही चाळू दिली. शनिवार-रविवार वही गच्च भरलेली, पण महिन्याची सरासरी पाच तासांच्या वर जात नाही. आणि तुम्हाला हे वाचून वाईट वाटेल, पण त्या पानांवर फुटबॉलपेक्षा क्रिकेटची नावंच जास्त होती.

नागपुरात एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर त्या प्लास्टिकच्या गवतावर पाय ठेववत नाही. मग विकण्यासारखे तास किती उरतात? पहाटेचे दोन आणि संध्याकाळी सहा ते अकराचे पाच. सातच. तुम्ही आठ धरलेत.

पाच तासांनी हिशोब करा. उत्पन्न 1 लाख 35 हजार, खर्च वजा जाता 45 हजार, तुमच्या हातात 22,500. पाच वर्षांत साडेतेरा लाख. घातलेले 22 लाख नुसते परत यायला रोज सरासरी सहा तास भरायला हवेत, पावसात, परीक्षांच्या दिवसांत, दिवाळीतसुद्धा. पाच वर्षांनी जमीन मालकाची. गवत तोवर झिजलेलं, जाळ्या आणि खांब भंगाराच्या भावात, आणि खालचा भराव, ज्यावर बराच पैसा जातो, तो दुसऱ्याच्या शेतात कायमचा गाडलेला. शिवाय ती जमीन एनए (बिगरशेती) आहे का, यावर तुमचे मित्र म्हणतात "होऊन जाईल". पाच वर्षांचा भाडेपट्टा नोंदणीकृत असावाच लागतो, आणि शेतीच्या जमिनीवर बिगरशेती वापर कायदेशीर असल्याचं कागदावर दिसल्याशिवाय एक खांब रोवू नका. मित्र चांगलाच असेल. मी मित्राबद्दल बोलत नाही, कागदाबद्दल बोलतोय.

आता तुमच्या धंद्याबद्दल, म्हणजे गोल करण्याबद्दल. पत्रात तुम्ही "नऊ क्लब" असं थोडं ओशाळून लिहिलंय, जणू कुठेच टिकलो नाही. असं मानू नका. उरुग्वेचा सेबास्टियन अब्रेऊ 2017 मध्ये सव्विसाव्या क्लबात गेला तेव्हा त्याची गिनेस बुकात नोंद झाली, आणि तो विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोचलेल्या संघातला माणूस. निकोला अनेल्का आर्सेनल, रेआल माद्रिद, चेल्सी करत करत वयाच्या 35 व्या वर्षी, 2014 मध्ये, मुंबई सिटीकडून खेळायला आला. आपला सुनील छेत्रीही कॅन्सस सिटी आणि लिस्बनपर्यंत जाऊन आला. स्ट्रायकरला फिरावंच लागतं. गोल आटले की पहिला त्याचाच नंबर लागतो, आणि कुणाला गोल हवे असले की पहिला फोनही त्यालाच येतो.

पण या भटकंतीचा पैशावर एक परिणाम होतो, आणि तो आपल्याकडे कोणी समजावून सांगत नाही. तुमची कमाई पगारासारखी नाही, कोरडवाहू शेतीसारखी आहे. 2025 च्या जुलैत आयएसएल (इंडियन सुपर लीग) बेमुदत थांबली तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखले, आणि ते तुमच्यापेक्षा वरच्या दर्जाचे क्लब होते. म्हणून तुमच्यासारख्याने सहा महिन्यांचा नाही, दोन वर्षांचा घरखर्च बाजूला ठेवावा. घरचा खर्च 45 हजार सांगितलात, म्हणजे साधारण 11 लाख. तीन बँकांत मुदत ठेवी करा, कारण ठेवींवरचा विमा एका बँकेत 5 लाखांपुरताच असतो. उरलेल्यातले 20 लाख एकदम नको, दीड वर्षात थोडे थोडे करून इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) जाऊ द्या. दरवर्षी दीड लाख पीपीएफमध्ये. बाकीचे हाताशी राहू द्या. विम्याचं एक लक्षात घ्या. क्लबचं संरक्षण करारासोबत संपतं, आणि अपघात विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये व्यावसायिक खेळ वगळलेला असतो. गुडघा तुमचा आहे, ते कलम स्वतः वाचा.

कराचंही पाहा. क्लब तुमच्या रकमेतून 10 टक्के टीडीएस कापतात आणि "कापलंच तर आहे" म्हणून तुम्ही विवरणपत्र भरत नाही. नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. ठेवींचं व्याज धरून तुम्ही थोडे वर गेलात तरी नऊ महिन्यांचा करार बहुधा दोन आर्थिक वर्षांत विभागला जाईल. कापलेले लाखभर रुपये विवरणपत्र भरल्याशिवाय परत येत नाहीत.

घरी यायचं म्हणता, तर मेमध्ये हंगाम संपला की या. त्या टर्फच्या वहीतली संध्याकाळी 6 ची रिकामी ओळ आठवा. मालक ती अर्ध्या भावात देईल, उलट हात जोडून देईल. तुम्ही तो तास घ्या आणि वीस पोरं जमवा. कामठीत पोरं कमी नाहीत, तुमचं नावही तिथे माहीत आहे. दोन महिने शिबिर चालवून बघा. 22 लाखांऐवजी तीस-चाळीस हजारांत कळेल की शिकवणं जमतं का आणि पालक पैसे देतात का. सोबत अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स करून टाका, पुढे एएफसीचं (आशियाई महासंघाचं) सी लायसन्स. रेल्वेचा खेळाडू कोटाही मनात असेल, पण ती भरती 18 ते 25 वयाची असते, तो रस्ता आता नाही. प्रशिक्षकाचा रस्ता मात्र पुढची पंचवीस वर्षं उघडा आहे.

करारावर सही करण्याआधी रक्कम महिन्याच्या कोणत्या तारखेला मिळणार ते लिहून घ्या. मागे एका क्लबने शेवटचे दोन महिने बुडवले, ते तुम्ही "जाऊ द्या" म्हणून सोडलंत. फिफाच्या नियमानुसार दोन महिन्यांचा पगार थकला, तर लेखी नोटीस देऊन पंधरा दिवसांनी खेळाडू करार मोडू शकतो, आणि खेळाडू-क्लबांचे वाद ऐकणाऱ्या महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे दादही मागता येते. त्यासाठी करार नोंदलेला असावा लागतो आणि त्याची प्रत तुमच्याकडे असावी लागते. पत्रासोबत तुम्ही फक्त मधलं पान पाठवलंय. सगळी पानं पाठवा, मी वाचतो.