तारापूर ते हरिपूर : अणुभट्ट्यांबद्दल तुमचे प्रश्न

तारापूरची क्षमता कुठे १,४०० मेगावॉट छापलेली असते, कुठे १,०८०. खरा आकडा कोणता? – एक वाचक, बोईसर

दोन्ही बरोबर आहेत, मोजलेले संच वेगळे आहेत. तिसरा आणि चौथा संच प्रत्येकी ५४० मेगावॉटचा, म्हणून १,०८०. पहिल्या दोन संचांचे १६०-१६० मिळवले की १,४००. हे जुने संच २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवले गेले. त्यानंतरच्या बातम्यांत ते कधी धरलेले दिसतात, कधी नाही.

१९६९ मध्ये सुरू झाले तेव्हा हेच संच २१० मेगावॉटचे होते. या उकळत्या पाण्याच्या अमेरिकी भट्ट्यांत काही वाफ थेट भट्टीतून टर्बाइनला जायची आणि काही दुय्यम स्टीम जनरेटरमध्ये तयार व्हायची. त्या जनरेटरच्या नळ्या गळू लागल्यावर ते कायमचे वेगळे काढले. तेवढी वाफ गेली आणि क्षमता १६० वर आली. २०२० नंतरच्या दुरुस्तीत मुख्य काम पाणी फिरवणाऱ्या रिसर्क्युलेशन पाइपांचे होते. वेल्डिंगलगतचे स्टेनलेस स्टील, त्यातला ताण आणि गरम पाण्यातला ऑक्सिजन हे तिन्ही एकत्र आले की स्टीलच्या कणांच्या सीमांवरून तडे सरकतात. असा पाइप ठिगळ लावून फार काळ चालवता येत नाही, तो बदलावाच लागतो.

रावतभाट्याचा पहिला संच २००४ पासून बंद आहे. मग तो पाडत का नाहीत? – एक वाचक, नाशिक

कॅनडाच्या मदतीने राजस्थानात उभारलेला हा १०० मेगावॉटचा संच १९७३ मध्ये सुरू झाला. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला आणि पुढची दुरुस्ती आपल्याच लोकांना शिकत शिकत करावी लागली. दुखणे होते एंड शील्डचे. भट्टीच्या टोकाला बसवलेली ही जाड ढाल निकेलयुक्त स्टीलची होती. न्यूट्रॉनचा मारा खाऊन ते स्टील ठिसूळ झाले, तडे गेले, आतले पाणी गळू लागले. ढाल हा भट्टीच्या अंगाचाच भाग असल्याने ती काढून नवी बसवता येत नाही. पुढच्या संचांत म्हणून स्टेनलेस स्टील आले.

पाडण्याची घाई न करण्याला सबळ कारण आहे. स्टीलमधल्या किरणोत्सर्गाचा मोठा वाटा कोबाल्ट-६० चा असतो आणि तो दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे २१ वर्षांत सोळावा हिस्सा उरतो आणि कापणाऱ्या कामगाराला मिळणारी मात्राही त्या प्रमाणात घटते. शिवाय दुसरा संच त्याच आवारात चालू आहे. संच मोडीत काढण्याच्या खर्चासाठी ग्राहकांच्या बिलातून युनिटमागे २ पैसे वेगळे काढले जातात. तरीही पुन्हा न चालणारा संच रीतसर निवृत्त जाहीर व्हावा आणि त्याचा आराखडा लोकांसमोर यावा, असे आम्हाला ठामपणे वाटते.

अणुभट्टीच्या नळ्या बदलायला काही वर्षे का लागतात? – एक वाचक, सुरत

आपल्या २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो) भट्टीत ३०६ आडवे चॅनेल असतात. प्रत्येकात सुमारे अर्धा मीटर लांबीचे १२ इंधन बंडल, म्हणजे इंधनाच्या कांड्यांचे जुडगे. आत झिरकोनियम मिश्रधातूची प्रेशर ट्यूब, तिच्यातून जवळपास ३०० अंशांपर्यंत तापणारे जड पाणी. तिच्याभोवती कॅलेंड्रिया ट्यूब ही दुसरी नळी, आणि त्याबाहेर थंड मॉडरेटर, म्हणजे न्यूट्रॉनचा वेग कमी करणारे जड पाणी. दोन नळ्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून मध्ये गार्टर स्प्रिंग, म्हणजे नळीभोवतीच्या स्प्रिंगच्या कड्या.

वर्षानुवर्षे उष्णता आणि न्यूट्रॉन झेलून प्रेशर ट्यूब लांबते आणि खाली झोळते. जुन्या रचनेत स्प्रिंग सैल होत्या, त्या जागच्या सरकायच्या. नळी थंड कॅलेंड्रिया ट्यूबला टेकली की धातूतला हायड्रोजन त्या थंड जागी गोळा होतो, हायड्राइडचा फोड येतो आणि तिथून तडा जातो. कॅनडातल्या पिकरिंगच्या दुसऱ्या संचात १९८३ मध्ये नळी फुटली ती अशीच.

काम असे चालते : फ्युएलिंग मशीनने सगळे इंधन बाहेर, मग जड पाणी काढून साठवणे, मग रसायनांनी धुऊन किरणोत्सर्ग कमी करणे. चॅनेलला पाणी पुरवणारे फीडर पाइप सोडवून नळ्या कापतात, कवचबंद पात्रातून बाहेर ओढतात. नवी नळी टोकाच्या जोडभागाच्या (एंड फिटिंग) आतल्या खाचांत रोलरने दाबून फुगवतात. या रोल्ड जोडावर जरा जास्त दाब पडला तर धातूत ताण राहतो आणि तडा तिथेच सुरू होतो, कमी पडला तर गळती. हे ३०६ चॅनेलांच्या दोन्ही टोकांना. नंतर गळती चाचणी, दाब चाचणी आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची (एईआरबी) परवानगी. भारतात हे प्रथम रावतभाट्याच्या दुसऱ्या संचात झाले.

जैतापूर रद्द झाले का? – एक वाचक, राजापूर

नाही. माडबन परिसरात सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित झाली आहे. १,७३० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण १०,३८० मेगावॉट, अशी योजना आहे. ईडीएफ या फ्रेंच वीजकंपनीने २०२१ मध्ये तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव दिला. दर आणि अपघाताची भरपाई कोणी द्यायची, यावर घोडे अडले. रद्द म्हणायचे तर पश्चिम बंगालमधले हरिपूर. रशियन भट्ट्यांची ती योजना २०११ मध्ये नव्या राज्य सरकारने नाकारली. गुजरातमधल्या मिठी विरडीच्या, वेस्टिंगहाउस या अमेरिकी कंपनीच्या भट्ट्या आंध्रातल्या कोव्वाडाकडे वळवल्या गेल्या.

देशात चालू भट्ट्या नेमक्या किती? – एक वाचक, पुणे

रावतभाट्याचा सातवा संच २०२५ मध्ये आल्यावरची बेरीज : तारापूर १,४००, रावतभाटा १,७८० (पहिला संच सोडून), कल्पाक्कम ४४०, नरोरा ४४०, काक्रापार १,८४०, कैगा ८८०, कुडनकुलम २,०००. एकूण २४ संच, ८,७८० मेगावॉट. पण ही नोंदवलेली क्षमता आहे. कल्पाक्कमचा पहिला संच २०१८ पासून दीर्घकाळ बंद राहिला तरी गणतीत होताच. आज कोण खरोखर वीज देतो हे हवे असेल, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा दैनिक उत्पादन अहवाल उघडा आणि क्षमतेच्या शेजारचा त्या दिवसाच्या उत्पादनाचा रकाना पाहा.