खापर एकट्या लमारवर का?

प्रश्न : आमच्या घरी दर जानेवारीत तोच वाद. माझा शाळकरी मुलगा अमेरिकन फुटबॉलमधल्या बाल्टिमोर रेव्हन्स संघाचा, त्यातही क्वार्टरबॅक (पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू) लमार जॅक्सनचा भक्त. माझे दीर म्हणतात, "लमार नियमित हंगामापुरता, प्लेऑफमध्ये, म्हणजे त्यानंतरच्या बाद फेरीत, कच खातो. आधीचा क्वार्टरबॅक जो फ्लॅको त्याच्याइतका गुणी नव्हता, पण सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकून दिला." मुलगा भरल्या ताटावरून उठून जातो. खरंच दोष लमारचा आहे का?
– एक वाचक, एलिकॉट सिटी, मेरीलँड

उत्तर : थोडा आहे, आणि तो आधी सांगते, कारण तुमच्या मुलाला नेमकं तेच ऐकायचं नसणार. जानेवारी २०२५ मध्ये बफेलोला थंडीत आणि बर्फात पहिल्याच हाफमध्ये लमारने एक इंटरसेप्शन दिलं, म्हणजे त्याचा पास प्रतिस्पर्ध्याने झेलला. मग चेंडू हातातून सुटला, तो उचलून बफेलोचा व्हॉन मिलर ३९ यार्ड पळाला. मध्यंतराला रेव्हन्स २१-१० असे मागे. त्याआधीच्या जानेवारीत कॅन्सस सिटीविरुद्ध, सामना हातात यायची वेळ असताना, त्याने एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात) तीन बचावपटूंच्या गराड्यात पास फेकला आणि तो प्रतिस्पर्ध्याने झेलला. ही जबाबदारी त्याचीच.

पण कच खातो? हे मला मुळीच मान्य नाही. बफेलोच्या त्याच सामन्यात त्याने ८८ यार्डांची चढाई करून आयझेया लाइकलीला टचडाउनचा (सहा गुणांचा) पास दिला, तेव्हा घड्याळात १ मिनिट ३३ सेकंद उरले होते. २७-२५ असे मागे. टचडाउननंतरच्या जादा संधीत बरोबरी साधणारा दोन गुणांचा पास मार्क अँड्र्यूजच्या हातात आला आणि निसटला. तो झेल टिकला असता तर तुमचे दीर त्याच रात्री लमारच्या धीराचं कौतुक करत बसले असते. लमारने फेकलेला पास मात्र दोन्ही वेळी तोच राहिला असता.

मला खरा राग आहे तो कॅन्सस सिटीच्या सामन्याचा. २०२३ च्या हंगामात चेंडू घेऊन धावण्यात रेव्हन्स अख्ख्या लीगमध्ये पहिले. त्या दिवशी मध्यंतराला ते १७-७ असे मागे, म्हणजे फार नव्हे, आणि दुसऱ्या हाफमध्ये बचावफळीने कॅन्सस सिटीला एक गुणसुद्धा करू दिला नाही. तरी पूर्ण सामन्यात रनिंग बॅक्सना (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंना) चेंडू मिळाला फक्त ६ वेळा! गोलरेषेजवळ झे फ्लॉवर्सच्या हातून चेंडू सुटला (फंबल), हे आहेच, पण अंगवळणी पडलेला खेळ सोडून द्यायचा हा निर्णय साइडलाइनवरच्या प्रशिक्षकांचा होता. हरले १७-१०. टेनेसीविरुद्ध जानेवारी २०२० मध्येही असेच हरले. १४ विजय, २ पराभव असा हंगाम, त्यात धावण्याचा ३,२९६ यार्डांचा लीग विक्रम, आणि प्लेऑफमध्ये लमारकडून ५९ पास. शिवाय तो स्वतः १४३ यार्ड धावला. एका माणसाकडून आणखी काय काढायचं होतं?

फ्लॅकोचं श्रेय कुणी नाकारू नये. २०१२ च्या प्लेऑफमध्ये ११ टचडाउन पास आणि एकही इंटरसेप्शन नाही, हे देदीप्यमानच. पण दिरांना ट्रेंट डिल्फरचीही आठवण करून द्या. २००० च्या हंगामात रेव्हन्सनी सलग पाच सामने आक्रमणाच्या एकाही टचडाउनविना काढले आणि तरी बचावाच्या बळावर न्यूयॉर्क जायंट्सना ३४-७ असं हरवून सुपर बोल जिंकला. क्वार्टरबॅक होता डिल्फर, आणि क्लबने त्याला पुढच्या हंगामासाठी ठेवलंसुद्धा नाही. जिंकल्यावर क्वार्टरबॅकमुळे जिंकलो असं तेव्हा क्लबलाही वाटलं नव्हतं.

तेव्हा दिरांना विचारा, रनिंग बॅक्सना चेंडू ६ वेळाच द्यायचा हे कुणी ठरवलं. आणि मुलाला सांगा, तीन जणांच्या गराड्यातला तो पास फेकायलाच नको होता, एवढं काकांपुढे कबूल कर, पण ताटावर बसून.