चार गाड्यांची ड्रॅग रेस चाहत्यांना खरंच आवडते का?

मला आवडते, पण फायनलला जोडीच हवी. नेहमीच्या ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या छोट्या शर्यतीत, दोन गाड्या सुटतात, हरली ती घरी. अमेरिकेत शार्लटजवळच्या झीमॅक्स ड्रॅगवेवर २०१० पासून एका स्पर्धेत चार गाड्या एकदम सुटतात आणि पहिल्या दोन पुढच्या फेरीत जातात. दुसरा येऊनही गडी टिकतो, हे जुन्या चाहत्यांना खटकतं, आणि त्यांचं बरोबरच आहे. टॉप फ्युएलचा, म्हणजे सर्वांत वेगवान गाड्यांच्या गटाचा, हजार फुटांचा खेळ चार सेकंदांच्या आत आटोपतो, मग बघायचं कुणाकडे? खरी गंमत सुरुवातीला: चौघंही रेषेवर आल्याचे दिवे लागेपर्यंत इंजिन धगधगत थांबायचं, त्यात आपला दिवा कोणता यात भलेभले गोंधळतात. सेकंदावर निकाल लागणारा शंकरपट बघत वाढलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना ही चुरस लगेच कळेल.