गुरू ओरडतात, ठीक आहे, पण पुढे काय सांगतात?

प्रश्न : ताई नमस्कार. माझी मुलगी १३ वर्षांची आहे, लहानपणापासून कथक शिकतेय. मॅडमचं नाव मोठं आहे, पण गेलं वर्षभर नुसती बोलणी चालू आहेत. आधी चकरा मस्त घ्यायची, आता तोल जातो, पाय जड पडतात, मग 'आळशी झालीस, जाड झालीस' असं सगळ्यांसमोर ऐकावं लागतं. क्लासच्या दिवशी सकाळपासून तोंड पाडून बसते. हे म्हणतात, कला अशीच येते, गुरूची बोलणी खायलाच लागतात. क्लास बदलू का?

उत्तर : क्लासचं नंतर बघू, आधी त्या तोल जाण्याचं बोलूया, कारण मला वाटतं सगळा घोळ तिथेच आहे. मुलींची उंची साधारण ११ ते १३ या वयात सगळ्यात झपाट्याने वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात, त्यामुळे अंग काही महिने ताठर होतं, तोल बिघडतो, आणि काल जमलेली गोष्ट आज जमत नाही, म्हणजे पोरगी तीच पण शरीर नवीन. याला आळस म्हणणं म्हणजे अन्यायच. ज्यांना मुलं घडवता येतात ते शिक्षक या काळात उड्या आणि चकरांची संख्या कमी करतात, पाय आणि पोटाची ताकद वाढवणारे व्यायाम देतात, आणि मग उरलेला वेळ पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं), लय, अभिनय यांना देतात, कारण तिथे उंचीचा काही संबंध नाही ना! कितीतरी मुली याच वयात नाच सोडतात आणि आपल्याला जमतच नाही असं समजून बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ओरडण्याचं. कडक असण्याला माझी हरकत नाहीये, रियाझ कडकच पाहिजे. पण ओरडून झाल्यावर मुलीला काय करायचं ते कळलं का, एवढं बघा. 'तोल सांभाळ' हा नुसता हुकूम झाला. 'डावी टाच जागेवरून हलू देऊ नकोस, नजर एका ठिकाणी ठेव, मान सगळ्यात शेवटी वळव' हे शिकवणं झालं. मॅडम दुसरं काही सांगतच नसतील तर नाव कितीही मोठं असू दे, तुमच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. एकदा क्लासमध्ये मागे बसून बघायची परवानगी मागा, अर्ध्या तासात समजेल.

आणि ते 'जाड' प्रकरण मात्र मी अजिबात सोडणार नाही. वाढत्या वयात वजन वाढतंच, वाढायलाच हवं. ती जेवण टाळतेय का, लक्ष ठेवा. पाळी सुरू झालेली असेल आणि तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे न्या, कमी खाणं आणि भरपूर नाच एकत्र आले की हाडंसुद्धा कमजोर होतात. मॅडमना सरळ सांगा की मुलीच्या वजनाबद्दल बोलू नका, तक्रारीच्या सुरात नको पण स्पष्ट. ऐकलं तर उत्तम, नाही ऐकलं तर बदला क्लास, आणि यजमानांना हा कागद वाचायला द्या.

प्रश्न : मी २४ वर्षांचा, कंटेम्पररी (आधुनिक नाच) करतो. सर म्हणतात माझ्याकडे शिकायचं तर बाहेरचं एकही वर्कशॉप करायचं नाही. नऊ वर्षं झाली त्यांच्याकडे. गुरूशी बेइमानी होईल का?

उत्तर : अरे, पहिली तीन-चार वर्षं ही अट मला पटते. एक जण खांदा खाली ठेव म्हणतो, दुसरा वेगळंच काही सांगतो, आणि नवीन पोराच्या अंगात दोन्हीची खिचडी होते. पण नऊ वर्षांनंतर? तेव्हा ती अट तुझ्यासाठी राहिलेली नसते, सरांच्या धास्तीसाठी असते. कथक नृत्यांगना रोहिणी भाटे लच्छू महाराजांकडेही शिकल्या आणि मोहनराव कल्याणपूरकरांकडेही, आणि त्यातूनच त्यांचं स्वतःचं कथक उभं राहिलं. अमेरिकेतला नर्तक मर्स कनिंगहॅम आधुनिक नाचातल्या मार्था ग्रॅहॅमच्या कंपनीत १९३९ पासून नाचला, १९४५ मध्ये बाहेर पडला आणि तिच्यापेक्षा एकदम वेगळं काम केलं, म्हणून कोणी त्याला बेइमान म्हणत नाही. फक्त लपवून जाऊ नकोस. आधी सांग, परत आल्यावर काय शिकलास ते सरांना करून दाखव. बरेचदा रुसवा तिथेच जातो, आणि नाही गेला तर तो सरांनी सोडवायचा प्रश्न आहे, तुझा नाही.

प्रश्न : मी स्वतः क्लास घेते. स्पर्धेत परीक्षक म्हणाले, तुमच्या सगळ्या मुली तुमची झेरॉक्स दिसतात. लागलं मनाला. काय करू?

उत्तर : अगं, सुरुवातीला नक्कल झालीच पाहिजे, त्यात लाज कसली. पण मोठ्या मुलींसमोर तू अजूनही प्रत्येक वेळी करून दाखवतेस का? मग त्या तुझी मान, तुझं हसू, तुझ्या दुखऱ्या गुडघ्यामुळे आलेली लकबसुद्धा उचलणार. एक महिना नुसते बोल म्हण, हातात टाळ घे नाहीतर मोजणी दे, पण नाचून दाखवू नको, आरसाही कधीतरी झाकून टाक. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाऊश १९७३ पासून जर्मनीतल्या वुपरटालमध्ये काम करायची, ती आपल्या डान्सर्सना प्रश्न विचारायची आणि त्यांनी जे करून दाखवलं त्यातूनच नाच बांधायची. एवढं नको, पण 'इथे राधा चिडलीये, तू कशी चिडशील?' इतकं तर विचारता येईल. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्रांच्या हाताखाली संयुक्ता पाणिग्रही आणि सोनल मानसिंग दोघी शिकल्या, जमलं तर दोघींचे व्हिडिओ एकापाठोपाठ एक मुलींना दाखव आणि फरक त्यांनाच शोधू दे. पहिले काही आठवडे सगळं जरा विस्कटलेलं दिसेल, पालक विचारतील हे काय चाललंय, तेव्हा घाबरून परत पुढे उभी राहून नाचायला लागू नकोस, आणि जवळ स्पर्धा असेल तर हे सगळं ती झाल्यावरच सुरू कर.